रंग नंतर, आधी मुरूम

घरामागं जागा आहे, चार पैसे गाठीला आहेत आणि पोरांसाठी बॅडमिंटनचं कोर्ट करायचं मनात आहे. विचार चांगला आहे. पण ती जागा अकोला, वाशीम, परभणी, नांदेड अशा काळ्या मातीच्या मुलखात असेल, तर ठेकेदाराला इसार देण्याआधी एवढं वाचा. तो तुमच्यापुढं निळ्या-हिरव्या रंगांचे नमुने ठेवील. ते बाजूला सारा आणि विचारा, खाली काय घालणार?

काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हात आकसते. मे महिन्यात शेतातल्या भेगेत काठी घालून बघा, हातभर आत जाते. आषाढात तीच भेग शोधून सापडत नाही. अशा जमिनीवर घर निदान स्वतःच्या वजनानं दाबून बसतं. कोर्ट हलकं, त्याला माती सहज उचलते. त्यातही कडेची माती आधी भिजते आणि आधी वाळते, मधली तशीच राहते. म्हणून कडा वर-खाली होतात आणि चार इंचांचा कोबा मधून तडकतो. वरून कितीही महागाचा रंग दिला तरी तडा त्यातून वर येतोच.

आपली माती किती फुगते हे आधी तपासून घ्या. जवळच्या पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत ही साधी चाचणी होते. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये घालून २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली तिच्या दीडपट किंवा त्याहून जास्त भरली, तर जमीन जपून हाताळायची आहे असं समजा.

अशा ठिकाणी निदान दोन फूट काळी माती काढून मुरूम भरावा. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण धरून बसणाऱ्या मातीचा थर देण्याची पद्धत बसवली. कालव्यांच्या अस्तराखाली ती वापरतात, तिथं थर याहून जाडही असतो. खड्ड्यात वाळू भरू नका, मोकळा भरभरीत मुरूमही नको. त्यातून पाणी खाली उतरतं, काळ्या मातीच्या हौदात साठतं आणि तळ फुगवत राहतं. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाकून, पाणी मारून, प्रत्येक थरावर रोलर फिरवून घ्या. खड्ड्याचा तळही उताराचा ठेवा आणि पाण्याला बाहेर वाट द्या.

हिशेबही करून ठेवा. दुहेरी खेळाचं कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर. भोवती पळायला जागा धरली तर ५७ बाय ३० फूट लागतात. दोन फूट भरण म्हणजे ३४ ब्रास, आणि रोलरखाली मुरूम दबतो म्हणून मागवायचा चाळीसच्या वर. ठेकेदाराच्या कागदात वीसच ब्रास दिसले, तर कुठं काटलं ते तिथंच कळेल.

काम दिवाळीनंतर काढा, संक्रांतीच्या आसपास संपवा. मे महिन्यात माती पार वाळलेली असते, तेव्हा भरण केलं तर जूनमध्ये ती खालून उठते. शिवाय उन्हाळ्यात काँक्रीट वरून सुकतं आणि आतून कच्चं राहतं. घोटाई नीट व्हावी म्हणून मिस्त्री मालात जास्तीचं पाणी ओतू लागला, तर थांबवा. काँक्रीटमधली लोखंडी जाळी जमिनीवर लोळता कामा नये, ठोकळ्यांवर उचललेली हवी. साधारण दर दहा फुटांवर काँक्रीटला खाच द्या, जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढी खोल, आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मारून झाली पाहिजे. तडा जायचाच असेल तर तो खाचेतून जाईल. बाजारात मिळतं ते बहुतेक पीपीसी सिमेंट असतं, त्याला १४ दिवस ओलं ठेवा. गोणपाट टाकून दिवसातून दोनदा पाणी मारण्यापेक्षा कडेनं मातीचा बांध घालून पाणी साठवलेलं बरं. रंग २८ दिवसांच्या आत लावू देऊ नका.

उतार एकाच बाजूला, शंभराला एक. काम झालं की सगळीकडं पाणी सोडा, तासाभरानं जा. जिथं डबकं उरलं असेल तिथं एक रुपयाचं नाणं ठेवा. नाणं बुडालं तर जागा दुरुस्त करून घ्या, मगच शेवटचा हप्ता द्या.

कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन कुणाच्या डोळ्यांत जात नाही. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात गडद रंग अनवाणी पायाला पोळतो, फिका घ्या. कडुनिंब, पिंपळ कोर्टाला चिकटून नको. मुळं उन्हाळ्यात खालचं पाणी ओढतात. मोरीचं पाणी, टाकीचा ओघळ, ठिबकवरची फुलझाडं हेही कडेपासून लांब ठेवा. माती सगळीकडं सारखी ओली किंवा सारखी कोरडी राहिली, तर ती त्रास देत नाही.

एवढा खर्च झेपत नसेल, तर अर्धवट काँक्रीट करू नका. मुरमावर चाळलेली माती दाबून व्हॉलीबॉल किंवा कबड्डीचं मैदान करा. भेगा पडतील, दरवर्षी पावसाळ्यानंतर त्या भरून पाणी-रोलर केला की मैदान पुन्हा खेळायला तयार. उघड्यावरच्या वाऱ्यात बॅडमिंटनपेक्षा व्हॉलीबॉलच जास्त रंगतो, हेही ध्यानात घ्या.

आणि काँक्रीटच करणार असाल, तर खोदाई किती, मुरूम किती ब्रास, थर किती, पाणी किती दिवस, हे चार आकडे कागदावर लिहून ठेकेदाराची सही घ्या. सही करायला जो कचरतो, त्याला काम देऊ नका.