ड्युटी संपते, ग्रुप संपत नाही

रात्री अकराला हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमधला कर्मचारी अंगठा लावून बाहेर पडतो. बस मिळण्याआधीच व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज : शिफ्ट बदलली, सकाळी सातला या. मध्ये उरले आठ तास, त्यातच प्रवास आणि झोप. निळी टिक गेली की 'पाहिलं नाही' म्हणायचीही सोय नाही.

ताण मेसेजपेक्षा, तो कधीही येईल या धास्तीचा जास्त. आणि अन्याय इथेच शिरतो. लगेच 'ओके सर' लिहिणारा मेहनती. घरी तान्हं मूल असलेली सहकारी मात्र 'सहकार्य करत नाही'. पुढचं रोस्टर लावताना हे बरोबर आठवतं.

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार जादा कामाला दुप्पट मजुरी आहे. पण घरून फोनवर निस्तरलेली बुकिंगची भानगड मस्टरवर येतच नाही. फ्रान्समध्ये २०१७पासून कामानंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं, त्याचा कायदा झाला नाही.

हॉटेल चोवीस तास चालणारच. त्यासाठीच तर ड्युटी मॅनेजर असतो! रोस्टर आठवडाभर आधी लावायला आणि रात्रीचा फोन हजेरीत धरायला मालकांना कायद्याची वाट पाहावी लागत नाही.