मुकादमाची वही आणि मोबाइलवरचा दलाल

दिवाळी सरली की सातपुड्याच्या उतारावरून माणसे खाली उतरू लागतात. अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतील आमचे भिल्ल, तडवी, वसावे, पावरा बांधव बायकापोरांसह, भांडीकुंडी व कोंबड्या बरोबर घेऊन ट्रकात बसतात आणि गुजरातेत सुरत-बारडोलीकडे उसाच्या फडात किंवा वीटभट्ट्यांवर जातात. ट्रक कोणाचा, साखर कारखाना कोणता, टनाला दर काय, हे त्यांतल्या बहुतेकांस ठाऊक नसते. ठाऊक असते ते एकच नाव, मुकादमाचे. कारण पावसाळ्यात घरात दाणा नव्हता तेव्हा उचल त्याने दिली.

अशा गावांपैकी मणिबेलीचे नाव आम्ही मुद्दाम घेतो. नर्मदेच्या काठचे हे गाव सरदार सरोवराच्या बुडितात येणाऱ्या महाराष्ट्राच्या ३३ गावांपैकी अगदी पहिले. १९९३ साली येथे घरे बुडाली. १९९४ साली जगातल्या तीनशेंहून अधिक संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने कर्ज देऊ नये असा जाहीरनामा काढला, त्यास नावही मणिबेलीचेच दिले. जगाच्या कागदावर गावाचे नाव चढले. पण काठची गाळाची जमीन पाण्याखाली गेली ती गेलीच. ज्याच्या पायाखालची जमीन जाते त्याच्यापाशी विकावयास दोन हात उरतात. आणि हात विकावयाचे म्हटले की मध्ये दलाल उभा राहतो. आजचा आमचा प्रश्न एवढाच आहे, की हात आणि काम यांच्यामध्ये हा जो उभा आहे तो कोणाच्या परवानगीने उभा आहे, आणि त्याची वही कोण तपासतो?

प्रथम जुन्या दलालाचा हिशेब पाहू. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ समजतात. दोघांनी दिवसभर राबावे, पण वहीत नाव नवऱ्याचे. बाईचे नाव नाही, मजुरीही तिच्या हाती नाही. महिन्याला खावटी म्हणून धान्य मिळते, त्याची किंमतही वहीत चढते. उचलीवर अनेक मुकादम दीडपट लावतात. समजा, एका जोडप्याने २०,००० रुपये उचल घेतली. फेड ३०,००० ची. गुजरात सरकारने २०२३ साली ऊसतोडणीचा किमान दर टनाला २३८ वरून ४७६ रुपये केला. हा पुरा दर पदरात पडला असे धरले, तरी नुसत्या फेडीसाठी ६३ टन ऊस तोडावा लागतो, आणि त्यातले २१ टन केवळ व्याजाचे! दिवसाला टनभर ऊस तोडणारे जोडपे तीन आठवडे फक्त मुकादमाच्या व्याजासाठी थंडीवाऱ्यात राबते. दर दुप्पट झाला हे खरे. परंतु उचल वाढवून नि व्याज चढवून तो फायदा मध्येच गिळता येतो. सबब, दराबरोबर वहीही मजुराच्या हाती आली पाहिजे.

येथे आमच्या वाचकांस एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून ‘दीनबंधू’ चालविला आणि १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांस एकत्र करून मागण्या मांडल्या. त्यांत रविवारच्या सुटीबरोबर एक मागणी अशी होती, की महिन्याची मजुरी पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावी. त्यास आज १४० वर्षे होऊन गेली. फडातल्या ऊसतोड्याचा हिशेब मात्र अजून हंगाम सरल्यावर, पाच-सहा महिन्यांनी होतो! लोखंड्यांची मागणी जुनी झाली असे कोण म्हणेल?

आता नवा दलाल पाहा. तो ट्रक घेऊन येत नाही, मोबाइलवर येतो. आमच्या सुताराच्या, लोहाराच्या, कुणब्याच्या पोराने आयटीआय केले, कोणी बी.ए. झाला. बापाला वाटले, पोराच्या हाती आता कोयता येणार नाही. पोर नोकरीच्या संकेतस्थळांवर नाव घालते. दहा ठिकाणी अर्ज, वीस ठिकाणी अर्ज; उत्तर एकाचेही नाही. एकच जागा पाच एजन्सींच्या नावाने पाचदा दिसते. भरून गेलेल्या जागेची जाहिरातही तशीच लटकत राहते. ‘पैसे भरा म्हणजे तुमचा अर्ज वर दिसेल’ असे ते स्थळच सुचविते. आणि उत्तर नाही म्हणावे, तोच भलत्याच माणसाचा फोन येतो : ‘तुमची निवड झाली, नोंदणीचे दोन हजार पाठवा, गणवेशाचे तीन हजार पाठवा.’ पैसे पाठविले की फोन बंद. बापाने शेळी विकलेली असते, आईने पाटल्या गहाण ठेवलेल्या असतात. मुकादम निदान आधी देऊन मग लुबाडतो. हा तर आधीच घेऊन पळतो.

ज्यांस खरोखर काम मिळते त्यांची तरी कथा काय? राबणूक कारखान्यात, पगार एजन्सीकडून. हात यंत्रात सापडला की कारखाना म्हणतो, तू आमचा नव्हेस. एजन्सी म्हणते, यंत्र आमचे नव्हे. म्हणजे काम एकाचे, नाव दुसऱ्याचे आणि जखम आमची.

कोणी म्हणेल, हे अज्ञानाचे फळ आहे, लोकांनी शहाणे व्हावे. आम्हीही शिक्षणाचे कैवारी आहोत. परंतु केवळ अज्ञानावर बोट ठेवणे बरोबर नाही. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून दाखविले, की लेखणी एकाच्या हाती आणि अंगठा दुसऱ्याचा असला म्हणजे न्यायाची कचेरीही लुटीचे दुकान होते. शाहू छत्रपतींनी १९१८ साली कोल्हापुरात कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले ते याच कारणाने : गावची वही एका घराण्याच्या पेटीत राहू नये, सरकारास व रयतेस जबाबदार असणाऱ्या नोकराच्या हाती असावी. आज अक्षर आमच्या पोरांस येते. पण नर्मदाकाठच्या कित्येक पाड्यांत रेंजसाठी टेकडी चढावी लागते. मग तालुक्याच्या दुकानात अर्ज भरायचा. परवलीचा शब्द दुकानदाराच्या वहीत, आधारची प्रत त्याच्या खणात. कुलकर्ण्याचे वतन गेले, पण कुलकर्णीपण दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले. आणि ती खुर्ची जातीची नाही हेही आपण कबूल केले पाहिजे. मुकादम बहुतेक आपल्यातलाच, आपल्याच बोलीत बोलणारा असतो. शेटजी-भटजींस नावे ठेवणाऱ्याने आपल्या भावाच्या वहीकडे डोळेझाक करू नये.

सरकार तरी दलालीपासून दूर आहे काय? महाराष्ट्र सरकारने ६ सप्टेंबर २०२३ रोजी सरकारी कामे कंत्राटी माणसांकडून करून घेण्यासाठी नऊ एजन्सी नेमणारा आदेश काढला. तरुणांत असंतोष उसळला तेव्हा ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. त्याच साली तलाठ्याच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. फी खुल्या वर्गास १,००० व मागासवर्गास ९०० रुपये. प्रत्येकी ९०० धरले, तरी ढोबळ हिशेबाने ही रक्कम ९० कोटींच्या घरात जाते. एका जागेमागे दोनशेंहून अधिक पोरे! ज्या तलाठ्याची नेमणूक शाहू छत्रपतींनी रयतेच्या सुटकेसाठी केली, त्याच पदाच्या आशेवर रयतेकडून फी गोळा व्हावी, हा काळाचा उलटा फेराच म्हणायचा.

कायद्याने मजूर अगदीच उघडा होता असेही नाही. दुसऱ्या प्रांतात मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यावा, मजुरास फोटोसह पासबुक द्यावे, विस्थापन भत्ता व प्रवासभाडे द्यावे, असे १९७९ चा कायदा सांगत होता. पाच मजूर असले तरी तो लागू होता. फडात ते पासबुक किती जणांनी पाहिले हे ऊसतोड्यांसच विचारावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. तीत मर्यादा दहा मजुरांची झाली. प्रवासभाडे राहिले, विस्थापन भत्ता गळाला. मात्र १९७६ चा वेठबिगारीविरुद्धचा कायदा उभा आहे, आणि १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे ही वेठच होय असे ठरविले आहे. उचलीने बांधून कमी दरात राबविणाऱ्या मुकादमाविरुद्ध आपल्या हाती हे हत्यार आहे.

दलालावाचून काम मिळतच नाही, असे म्हणणाऱ्यांस आमचे उत्तर इतिहासात आहे. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर हाच मालक होता. त्याला दस्तुरी दिल्याखेरीज कोणास माग मिळत नसे. १९३५ पासून बदली कामगारांस कार्डे देऊन नावांची नोंद होऊ लागली, तेव्हा त्याचा जोर कमी होऊ लागला. पुढे महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या ह्या कायद्याने हमालाची नोंद मंडळाकडे, टोळीची नोंद मंडळाकडे, आणि मालकाने मजुरी व वर लेव्ही भरायची तीही मंडळाकडेच, अशी रीत घातली. पाठीवर ओझे वाहणाऱ्यांस जे साधले ते ऊस तोडणाऱ्यांस का साधू नये? महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही सरकारांनी मिळून ऊसतोड्यांचे नोंदणी मंडळ काढावे. बाईचे नाव वेगळे लिहावे. उचल द्यायची तर मंडळाने बिनव्याजी द्यावी. मजुरी पंधरवड्यास खात्यात पडावी. आणि ज्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, त्याने मणिबेलीच्या माणसास पावसाळा सरताच गावात काम व वेळेवर दाम दिला, तर मुकादमाची उचल घेईल कोण?

सरकार करील तेव्हा करील. तोवर ग्रामसभेने एक वही घालावी. कोण गेले, कोणाबरोबर, कोणत्या कारखान्यावर, उचल किती, हे मुकादमाच्या सहीने गावातच लिहावे. सही न देणाऱ्याचा ट्रक गावातून रिकामा परत पाठवावा. एकेकट्याने न जाता टोळीने जावे, आणि टोळीतल्या शिकलेल्या पोराने रोजच्या वजनाची चिठ्ठी जपावी. शहराकडे पाहणाऱ्या मुलांनी तीन गोष्टी मनात धराव्यात : नोकरी लागण्याआधी जो पैसे मागतो तो नोकरी देणारा नव्हे, आपला परवलीचा शब्द दुसऱ्याच्या वहीत ठेवू नये, फसवणूक झाली तर लाज न धरता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. राष्ट्रीय करिअर सेवा ही सरकारी नोंदणी फुकट आहे, तिच्यासाठी कोणास दमडी देऊ नये.

काम मागणे ही भीक नव्हे. ज्याच्या घामाने साखर गोड होते आणि ज्याच्या बुडालेल्या शेताने दूरची शेते भिजतात, त्याने दलालापुढे मान का लववावी? वही आपल्या हाती घ्या, बंधूंनो. ती कोणी आणून देणार नाही.