विश्लेषण : पैशांऐवजी काम देऊन सशुल्क अ‍ॅप मिळवता येते का?

व्हिडीओ संपादनाचे अ‍ॅप, नोंदवहीचे अ‍ॅप, फॉन्ट, छोटे खेळ, ऑनलाइन अभ्यासक्रम अशा अनेक गोष्टींचे पैसे आता दरमहा किंवा दरसाल मोजावे लागतात. ज्यांना ते परवडत नाही, त्यातले बरेच जण टेलिग्रामवरून ‘क्रॅक’ केलेली फाइल उतरवतात आणि तिच्यासोबत फोनमध्ये आणखी काय शिरले याची चौकशी करत नाहीत. छोट्या निर्मात्यांच्या बाबतीत मात्र एक सरळ मार्ग असतो : त्यांना हवे असलेले एखादे काम करून द्यायचे आणि त्या बदल्यात परवाना मागायचा. हा मार्ग चालतो. पण काम कोणते द्यायचे, यावरच तो रोखठोक व्यवहार ठरतो की ग्राहकांची फसवणूक, हे ठरते.

निर्मात्याला फुकट देणे परवडते कसे?

वडापाव फुकट दिला तर पावाचे आणि बटाट्याचे पैसे गाठीचे जातात. अ‍ॅपचा एक कोड दिला तर निर्मात्याच्या खिशातून जवळपास काहीच जात नाही. फार तर एक विक्री हुकते. आणि मागणारा मुळात विकत घेणारच नसेल, तर तीही नाही. यासाठी व्यासपीठांनीच सोय करून ठेवली आहे. गुगल प्लेवर विकासकाला दर तिमाहीत ५०० प्रोमो कोड काढता येतात. त्यातले बरेचसे कोणी मागतच नाही.

त्याच्याकडे कमतरता असते ती माणसांची. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर गुगल प्लेवर वैयक्तिक विकासक खाते उघडलेल्यांना अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी ‘बंद चाचणी’ घ्यावी लागते. आधी त्यासाठी किमान २० जण सलग १४ दिवस नोंदलेले असावे लागत. डिसेंबर २०२४ मध्ये ही अट १२ जणांवर आली. एकट्याने अ‍ॅप लिहिणाऱ्याला १२ जण जमवणेही जड जाते. मित्र आणि नातेवाईक भिडेखातर नाव नोंदवतात, पण अ‍ॅप उघडत नाहीत. अशा वेळी १४ दिवस अ‍ॅप खरोखर वापरून ‘इथे अडकले’ असे नेमके सांगणारा माणूस मिळाला, तर त्याचे मोल परवान्याच्या किमतीपेक्षा जास्त असते.

मराठी वापरकर्त्याकडे देण्यासारखे काय आहे?

बरेच काही आहे, आणि त्याची जाणीव फारशी कोणाला नसते. ‘शिक्षण’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये त्यातला ‘श’ आधी साठवला जातो आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. पुढे क, हलन्त आणि ष मिळून ‘क्ष’ व्हायला हवा. अक्षरांची ही मांडणी करण्याचे काम एक वेगळी यंत्रणा करते आणि ती प्रत्येक अ‍ॅपमध्ये असतेच असे नाही. खेळ बनवण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या युनिटीतल्या ‘टेक्स्टमेशप्रो’त देवनागरीची ही जुळणी आपोआप होत नाही, विकासकाला वेगळी खटपट करावी लागते. गोडो या मुक्तस्रोत इंजिनात ही सोय ४.० या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२३ मध्ये आली. त्यामुळे कित्येक अ‍ॅपमध्ये मराठी शीर्षक टाकले की वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरे सुटी होतात.

परदेशातल्या विकासकाला हे कळायला मार्गच नसतो. अ‍ॅप बंद पडत नाही, त्रुटीचा संदेश येत नाही, संगणकाच्या लेखी सगळे बरोबर असते. देवनागरी वाचू शकणाऱ्या माणसाने पडद्याकडे पाहिल्याशिवाय ही चूक सापडतच नाही. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ तर हिंदी वाचणाऱ्यालाही खटकेलच असे नाही; तो मराठीच वाचकाला खटकतो.

भाषांतराचेही तेच. यंत्राने केलेल्या मराठीत फाइल ‘सेव्ह’ करण्याचे बटण ‘वाचवा’ होते, मुख्य पानाचे ‘होम’ म्हणजे ‘घर’ होते. त्याहून किचकट गोष्ट आहे ती विभक्तीची. इंग्रजी वाक्यात वापरकर्त्याच्या नावासाठी जागा सोडली की काम भागते. मराठीत त्या नावाला ‘ने’, ‘ला’, ‘च्या’ चिकटवावे लागते आणि क्रियापदाला लिंग विचारावे लागते. वाक्याची रचना कशी बदलली म्हणजे हा पेच टळेल, हे सांगू शकणारा माणूस विकासकाला सहजी मिळत नाही. याशिवाय साधा, कमी मेमरीचा अँड्रॉइड फोन आणि मध्येच तुटणारे नेटवर्क, हीसुद्धा चाचणीसाठी उपयोगी सामग्रीच आहे. नांदेड किंवा सावंतवाडीतल्या विद्यार्थ्याकडे ती आयती असते.

मागायचे कसे?

प्ले स्टोअरवर प्रत्येक अ‍ॅपच्या पानावर विकासकाचा ईमेल पत्ता असतो. ‘मी विद्यार्थी आहे, कृपया फुकट द्या’ अशी पत्रे तिथे येतच असतात आणि बहुधा वाचली जात नाहीत. काम आधी आणि मागणी नंतर, हा क्रम ठेवला तर उत्तर येण्याची शक्यता वाढते. फुकट आवृत्तीतच सापडलेल्या दोन-तीन चुका लिहाव्यात : फोन कोणता, अँड्रॉइडची आवृत्ती कोणती, काय केल्यावर काय झाले, काय व्हायला हवे होते, सोबत स्क्रीनशॉट. मग एका ओळीत सांगावे, की सशुल्क भागही असाच तपासून देता येईल, त्यासाठी वर्षभराचा परवाना मिळेल का. नकार आला तर विषय संपला. आधी पाठवलेल्या चुकांचा हिशेब मागायचा नाही.

मोठ्या कंपन्यांकडे अशी पत्रे पाठवण्यात अर्थ नाही. तिथे ठरलेल्या योजना असतात : गिटहबचा विद्यार्थी संच २०१४ पासून आहे, जेटब्रेन्स विद्यार्थ्यांना आणि मुक्तस्रोत प्रकल्प चालवणाऱ्यांना परवाने देते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी निदान एवढे तरी आधी पाहावे.

पाच तारे देऊन चालत नाही का?

सर्वात सोपी देवाणघेवाण हीच वाटते, आणि तीच चुकीची. बक्षिसाच्या बदल्यात मानांकन घेण्यास गुगल प्लेच्या धोरणात मनाई आहे. अ‍ॅमेझॉनने ऑक्टोबर २०१६ मध्ये फुकट वस्तूच्या बदल्यातले अभिप्राय बंद केले. पुस्तके आणि स्वतःची ‘वाइन’ योजना तेवढी वगळली. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, प्रसिद्धी करणाऱ्याला पैसेच नव्हे तर फुकट वस्तू मिळाली असेल तरी ते ठळकपणे सांगावे लागते. म्हणजे परवाना घेऊन यूट्यूबवर परीक्षण करता येते, पण तो फुकट मिळाला हे व्हिडीओतच सांगायला हवे. चाचणी आणि अभिप्राय यांतला फरक साधा आहे. चूक शोधून देण्याचा फायदा पुढच्या प्रत्येक ग्राहकाला होतो. विकत दिलेल्या ताऱ्यांची किंमत तोच ग्राहक मोजतो.

निर्मात्यांनाही यात फटके बसले आहेत. स्टीमवर खेळांची शिफारस करणारे ‘क्युरेटर’ असल्याची बतावणी करून कोड मागायचे आणि ते बाहेर विकायचे, हा प्रकार जुना आहे. त्यामुळे अनोळखी माणसाकडे संशयाने पाहिले गेले तर रागावण्याचे कारण नाही. उलट दिशेनेही सावध राहावे. ‘रेटिंग द्या, पैसे मिळवा’ असे सांगत सुरुवातीला थोडी रक्कम देऊन नंतर ‘डिपॉझिट’ मागणारे टोळके म्हणजे सायबर फसवणूकच. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

मग पैसे कधी मागायचे?

एकट्या विकासकाच्या अ‍ॅपमधल्या शंभर-दोनशे ओळी मराठीत आणून वर्षभराचा परवाना घेणे, हा दोघांनाही परवडणारा सौदा आहे. पण गुंतवणूकदारांचा पैसा असलेली कंपनी हजारो ओळींचे भाषांतर ‘समुदायाचे योगदान’ म्हणून करून घेऊ पाहत असेल आणि बदल्यात एक बिल्ला देत असेल, तर ते सरळ सरळ पगारी काम आहे. मराठीत असे काम फुकट होते असा समज एकदा रुजला, की भाषांतरावर पोट असलेल्यांचे दर पडतात. त्यामुळे काम सुरू करण्याआधीच किती ओळी, किती दिवस आणि परवाना किती काळाचा हे ईमेलवर लेखी ठरवून घ्यावे, आणि ओळींची संख्या वाढू लागली की परवान्याऐवजी दर विचारावा.