बंदुकीवर दुर्बीण चढवण्याआधी डोळे तपासा



राखणीसाठी बंदुकीचा परवाना असलेल्या आपल्या वयाच्या शेतकऱ्यांत एक खूळ शिरलंय. नेम धूसर झाला की मोठ्यातली मोठी दुर्बीण घ्यायची. नऊपट, बारापट! अहो, डुक्कर उसातून निघतं ते तीस-चाळीस मीटरवर. तिथं बारापट दुर्बिणीत नुसते केस दिसणार, तोंड कुठं न् शेपूट कुठं ते कळणार नाही.

आधी दुखणं समजून घ्या. साध्या नेमात तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात : मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं पुसट दिसतं. वाचायचा चष्मा लावला तर लक्ष्य पुसट. म्हणजे अडचण लहान दिसण्याची नाहीच, जवळचं आणि लांबचं एकाच वेळी न दिसण्याची आहे. त्यावर बारापट दुर्बीण म्हणजे पोट दुखतंय आणि ओवा मागतोय डोक्याला चोळायला.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणलं. त्या खेळात रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. मागं बारीक भोक, त्यातून नेम. बारीक भोकातून बघितलं की माशी आणि लक्ष्य दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट होतात. दिवसा हे स्वस्त आणि टिकाऊ. पण तिन्हीसांजेला भोकातून उजेड कमी येतो, हे ध्यानात ठेवा.

कमी उजेडाला रेड डॉट बरा. त्यातला लाल ठिपका लांबवर असल्यासारखा दिसतो, त्यामुळं डोळा लक्ष्यावरच ठेवायचा, दोन्ही डोळे उघडे. अंधार पडेल तसा ठिपका मंद करा, नाहीतर त्याच्या झगमगाटात पुढचं काहीच दिसत नाही. ठिपका चांदणीसारखा फाटलेला दिसला तर दुकानदाराशी भांडण्याआधी मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा. तिथं गोल दिसला तर दोष तुमच्या डोळ्यात आहे, बहुधा सिलिंडरचा नंबर. अशांनी प्रिझमवाली छोटी दुर्बीण बघावी. तिच्यात खूण काचेवरच कोरलेली असते आणि डोळ्याकडची कडी फिरवून ती स्पष्ट करता येते. मात्र तिला डोळा फार जवळ न्यावा लागतो. पॉइंट ३१५ सारख्या रायफलीचा धक्का बसला तर भुवई फुटेल.

आणि मोतीबिंदू असेल तर यातलं काहीच घेऊ नका. आधी ऑपरेशन.

आता खरा वाद. "दुर्बीण असली की झुडपामागं काय हललं ते कळतं," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. या बोलण्याचा मला संताप येतो. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून ओळख पटवायची म्हणजे आधी नळी रोखायची आणि मग बघायचं माणूस आहे की जनावर! पाणी द्यायला गेलेला गडी, वैरण कापणारी बाई, दुसऱ्या बांधाला बसलेला राखणदार, त्यांच्या छातीवर नळी रोखायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? डुक्कर समजून माणूस मारल्याच्या बातम्या आपण वाचतोच. ओळखायला बॅटरी आणि हातातली दुर्बीण. पटलं नाही तर चापावर बोट जाताच कामा नये. दोन गुंठे भुईमूग गेला तरी पुढच्या साली येतो.

पन्नाशीनंतर बंदूक खुंटीला टांगा म्हणणारेही चूकच. वयाचा प्रश्न नाही, नजरेचा आहे. दरवर्षी डोळे तपासा. जुन्या नळीवर गावातल्या वेल्डरकडून काही जोडून घेऊ नका, परवानाधारक कारागिराकडेच जा. डॉट बसवल्यावर रेंजवर कागदाच्या निशाणावर नेम जुळवून घ्या. वनखात्याची परवानगी नसेल तर जनावरावर बार टाकायचाच नाही, हे तर वेगळं सांगायला नकोच.

दुर्बिणीच्या आधी चष्म्याचा नंबर काढा. खर्चही तोच कमी आहे.