धुक्यातील उड्डाण : तयारी कोणाची, सक्ती कोणाची?

जानेवारीतील पहाटे दिल्लीच्या विमानतळावर पुण्याच्या विमानाची वाट पाहणाऱ्या मराठी माणसाला एक प्रश्न हमखास पडतो : समोर विमाने उतरत आहेत, मग आपले का उडत नाही? याचे कारण असे की, ‘कॅट-३ बी’ व्यवस्थेत ५० मीटर दृश्यमानतेतही विमान उतरू शकते, कारण ते स्वयंचालक यंत्रणा उतरवते. उड्डाणास मात्र १२५ मीटर लागतात. तेथे भरवसा वैमानिकाच्या डोळ्यांवर आणि धावपट्टीच्या मध्यरेषेवरील दिव्यांवर असतो. ऐन वेगात इंजिन बंद पडले, तर थांबावे की उडावे हे क्षणार्धात ठरवायचे, आणि तेही धुक्यातच.

‘अशा हवेत उडूच नये, मग प्रशिक्षणाचा खर्च कशाला?’ असे म्हणणारे माझ्या परिचयात पुष्कळ आहेत. त्यांनी मिलानच्या लिनाते विमानतळावरील ८ ऑक्टोबर २००१ची सकाळ आठवावी. धुक्यात उड्डाण करणाऱ्या प्रवासी विमानासमोर वाट चुकलेले एक छोटे विमान आले आणि ११८ माणसे गेली. छोट्या विमानाचे वैमानिक तेवढ्या कमी दृश्यमानतेसाठी पात्र नव्हते. कागदावर मनाई होतीच. तिने कोणाला अडवले?

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, त्यामुळे मला येथे हिशेब दिसतो. प्रशिक्षणाचा खर्च कंपनीच्या माथी, खोळंब्याचा प्रवाशाच्या. डिसेंबर २०२३मध्ये दिल्लीकडे येणारी अनेक विमाने अन्यत्र वळवावी लागली, आणि धुक्याचे प्रशिक्षण नसलेले वैमानिक कामावर लावल्याबद्दल जानेवारी २०२४मध्ये दोन कंपन्यांना प्रत्येकी ३० लाख रुपये दंड झाला. दंड प्रशिक्षणाहून स्वस्त वाटू लागला, तर कंपनी दंडच भरील. (सरकारी खात्यांतही हेच चालते, असो.)

मात्र प्रशिक्षित वैमानिकाने उडालेच पाहिजे, असे मी म्हणत नाही. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरीफला धुक्यात परवानगीविना विमान पळवणारा कप्तान इतर वैमानिकांना शिकवणारा होता. कामाच्या तासांची मर्यादा जवळ येत होती. ५८३ जण मृत्युमुखी पडले.

म्हणून माझी मागणी दुहेरी आहे. हिवाळ्यात उत्तरेकडील विमानांवर अप्रशिक्षित वैमानिक नेमूच नयेत. आणि १२५ मीटर असूनही ‘आज नाही’ म्हणणाऱ्या कप्तानाकडून कंपनीने खुलासा मागवू नये.