मळणी यंत्राचा पट्टा

दसऱ्याच्या सुमारास लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या शिवारांत सोयाबीनच्या गंज्या उभ्या असतात. औसा असो वा निलंगा, लोहा असो वा कंधार, ताडपत्रीने झाकलेली गंजी आणि आकाशाकडे लागलेले डोळे हेच दृश्य दिसते. परतीचा पाऊस कधी गाठील याचा नेम नसतो. अशा वेळी अनेक महिने गोठ्यामागे उभे असलेले मळणी यंत्र बाहेर काढले जाते. खंडेनवमीला त्यास झेंडूची माळही घातली जाते. मात्र माळ घालताना आतील रबरी पट्ट्यावरून एकदा बोट फिरवून पाहणारे विरळाच.

पट्टा तुटतो तो ऐन कामात. वस्तुतः त्याने आधीच पुष्कळ सूचना दिलेल्या असतात. यंत्र सुरू होताना किंचाळते, जळक्या रबराचा वास येतो, पुलीभोवती काळी भुकटी साचते. पंख्याचा पट्टा घसरू लागला की वारा कमी पडतो आणि भुसा दाण्यांत राहतो. दोष मात्र पिकाच्या ओलीवर ढकलला जातो. पट्ट्यापायी मळणी दोन दिवस लांबली आणि त्यात पाऊस आला, तर ओल खरोखरच वाढते. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते; २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली, यावरून मराठवाड्यातील ओल्या सोयाबीनची व्यथा ध्यानी यावी. हजारोंच्या मालासाठी काहीशे रुपयांचा पट्टा टाळणे ही काटकसर नव्हे.

घसरणाऱ्या पट्ट्यावर राळ टाकण्याची किंवा मोटर ओढून त्याला अधिक ताण देण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती घटकाभराची मलमपट्टी होय. व्ही आकाराचा पट्टा तळाने नव्हे, दोन्ही बाजूंनी पुलीची खाच पकडतो. झिजून अरुंद झाला की तो खाचेच्या तळाला टेकतो; पकड संपते आणि तळ आरशासारखा चकाकू लागतो. मग कितीही ताणले तरी पट्टा घसरतोच, वर बेअरिंगवर नाहक भार पडतो.

नवा पट्टा आणताना जुन्यावरील क्रमांक पाहावा. ‘बी ६०’ याचा अर्थ बी जातीचा, आतून साठ इंच लांबीचा. पुसट झालेल्या जुन्या पट्ट्याचे माप घेणे फसवे, कारण तो ताणलेला असतो. एकाच पुलीवर दोन-तीन पट्टे असतील तर सगळे एकदम बदलावेत. एकटा नवा पट्टा सगळा भार आपल्यावर घेतो आणि लवकर जातो. मोटर किंवा ताणपुली सैल करून तो हाताने बसवावा, पहारीने उचकटून नव्हे. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे सुतळी ताणून कळते. मधोमध अंगठ्याने दाबल्यास एक मीटर अंतरामागे सुमारे दीड सेंटिमीटर दबेल इतका ताण पुरे. पहिल्या दिवसाच्या कामानंतर तो पुन्हा तपासावा.

हे सर्व यंत्र पूर्ण थांबवून, ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात ठेवल्यावरच. फिरत्या पुलीवर हाताने पट्टा चढवण्यात काही जाणत्यांना आजही हुशारी वाटते. शक्तीवर चालणाऱ्या मळणी यंत्रांनी इतके हात नेले की १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांसाठी स्वतंत्र अधिनियम करावा लागला. त्याआधी १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही चालत्या यंत्राजवळील कामगारास घट्ट कपड्यांची अट घातली होती. शेतात मात्र पेंढ्या देणाऱ्या बाईचा पदर आणि गड्याचे उपरणे पट्ट्यापासून हातभर अंतरावर असते, आणि पट्ट्यावरील जाळीचे झाकण बांधावर पडलेले असते. दुरुस्तीसाठी काढलेले ते झाकण, दोन बोल्ट लावण्याच्या कंटाळ्यापायी, हंगामभर तिथेच राहते.

हंगाम सरला की पट्टे उतरवून सावलीत, तेलापासून दूर टांगावेत आणि त्यांचा क्रमांक यंत्राच्या पत्र्यावर रंगाने लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी दुकानात जाणारा कदाचित घरातला दुसराच कोणी असेल.