देह, माप आणि उपमान

छाती, कंबर आणि नितंब यांचा घेर फितीने मोजावा, आकड्यांची तुलना करावी आणि आपला देह ‘वाळूचे घड्याळ’, ‘नासपती’ की ‘सफरचंद’ हे ठरवावे, ही रीत वरवर गणिती दिसते. मुळात ती आलंकारिक आहे. उपमेतील ‘सारखा’ हा शब्द उपमेय आणि उपमान यांत अंतर राखतो. तक्त्यात मात्र उपमेचे रूपक होते: देह नासपतीसारखा न राहता नासपतीच ठरतो. शिवाय त्यांपैकी एकच उपमान आदर्श, बाकीची उणी, हेही आपण मुकाट्याने मान्य करतो.

आकड्यांचा आधार तरी किती भक्कम? अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये तयार कपड्यांसाठी सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली; निष्कर्षांतून गौरेतर स्त्रियांना वगळले. पुढे तरुण स्त्रियांच्या सरासरी मापांवरून ‘नॉर्मा’ नावाचा पुतळा घडवण्यात आला. १९४५ साली क्लीव्हलँडमध्ये तिच्याशी जुळणाऱ्या स्त्रीचा शोध घेणारी स्पर्धा झाली. ३,८६४ स्त्रियांनी मापे पाठवली. नऊही मापांत जुळणारी एकही आढळली नाही. सरासरी सर्वांची असते, म्हणूनच ती कोणाचीच नसते.

मोजमाप त्याज्य आहे, असे येथे म्हणायचे नाही. शिंपीही मापे घेतोच. पण ती कापड बेतण्यासाठी. चोळी बसली नाही तर तो शिवण उसवतो, देहाला दोष देत नाही. साहित्यकृतीला निकष लावताना आपण इतका विवेक पाळतो काय?